दसऱ्याला का आले नाही ते

पुणे, ५ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांना सा. न.

दसऱ्याला आले नाही म्हणून बाबा फोनवर दोन शब्द बोलले आणि लगेच आईकडे फोन दिला, म्हटलं पत्रच लिहावं, निदान शेवटपर्यंत वाचाल तरी. यंदा दसरा आला २ तारखेला आणि आमचे आजारांचे कोड बदलतात १ ऑक्टोबरला, दरवर्षी. ही तारीख अमेरिकेच्या सरकारची, तिला आपल्या पंचांगाशी काय देणंघेणं.

शेजारच्या काकूंना तुम्ही "ती कंप्युटरवर असते" एवढंच सांगता ना, तर ऐका. तिकडच्या हॉस्पिटलात पेशंट येऊन गेला की डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचायचं आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा, चुकला की इन्शुरन्सवाले पैसे अडवतात. २०१५ पर्यंत आजारांचे साधारण १४ हजार कोड होते, त्या ऑक्टोबरात आयसीडी-१० ही कोडांची नवी यादी आली आणि एकदम ६९ हजारांच्या आसपास झाले, डावं-उजवंही वेगळं झालं. आईचा झिजलेला उजवा गुडघा एम१७.११, डावा झिजला असता तर एम१७.१२. आणि बाबा, चंद्रीने तुम्हाला शिंग मारलं त्यालाही आहे! गाय चावली तर वेगळा, गायीने मारलं तर वेगळा, पहिल्यांदा दाखवायला गेलात तर शेवटी ए आणि नंतर ड्रेसिंगला गेलात तर डी. सासरच्यांशी पटत नाही याला झेड६३.१, आई हसू नको.

यंदा ४८७ नवे आले. नवे पाठ करता येतात एकवेळ, पण जुने फुटतात ना ते जास्त छळतात. जी३५ म्हणजे एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस), मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, इतकी वर्षं एकच कोड, आता प्रकाराप्रमाणे त्याचे फाटे केलेत आणि नुसतं जी३५ टाकलं की क्लेम परत. त्यात पेशंट सप्टेंबरात ॲडमिट झाला आणि १ तारखेला किंवा नंतर घरी गेला तर सगळे नवे कोड, ३० तारखेला सुटला तर जुने, म्हणजे हे दिवस डोक्यात दोन्ही पुस्तकं उघडी. पहिल्या वर्षी मी यातच मार खाल्ला होता, ऑडिटमध्ये चुका निघाल्या, तुम्हाला बोलले नव्हते.

खंडेनवमी पण १ तारखेलाच होती. रूमवर कोडबुकाला हळदकुंकू वाहिलं, आणि नेमकं त्याच दिवशी ते पुस्तक जुनं झालं.

आता बाबांसाठी. ई११.ए म्हणून नवा कोड आलाय, टाइप टू शुगर आहे पण रेमिशनमध्ये. आधी अशा पेशंटलाही ई११.९, म्हणजे साध्या टाइप टू शुगरचाच कोड द्यायचो. पण रेमिशन कधी म्हणतात, तर गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाले आणि तरी एचबीए१सी, ती तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, साडेसहाच्या खाली. तुमची गोळी चालू आहे बाबा, रिपोर्ट तिच्यामुळे चांगला आलाय, "शुगर गेली" म्हणून श्रीखंडाची दुसरी वाटी घेतलीत हे आईने सांगितलंय मला. डॉक्टरांनी रेमिशन लिहिल्याशिवाय मलाही तो कोड टाकता येत नाही, मग तुम्ही परस्पर कसा टाकला?

ऑपरेशनचे कोड, ते सीपीटी, १ जानेवारीला बदलतात, तेव्हा नवीन वर्षात लगेच बोलावू नका. वसुबारसेला मात्र येते, १७ तारखेला, रजा मंजूर झालीय. चंद्रीला मी ओवाळीन, बाबांनी जरा लांबच उभं राहावं.

तुमची,
ताई