दहावं वचन

इंदूर, रविवार

प्रिय बाळा,
सप्रेम सलाम.

काल फोनवर तू विचारलंस, "आई, स्वर्गात खरंच सोन्याचे रस्ते आहेत का? आणि आजी आत्ता कुठे आहे?" मी विषय बदलला. ते रात्रभर मनाला लागून राहिलं, म्हणून उपासनेहून आल्या आल्या लिहायला बसले.

आधी माझी चूक सांगते. आजीच्या अंत्यविधीला मी वचन वाचलं होतं: 'डोळ्याने जे पाहिले नाही, कानाने जे ऐकले नाही...' हे स्वर्गाचं वर्णन, असं लहानपणापासून ऐकत आले आणि संडे स्कूलच्या मुलांनाही तेच शिकवलं. गेल्या महिन्यात पाठाच्या तयारीला बसले तेव्हा ते वचन जिथलं, त्या बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय सलग वाचला. नववं वचन संपतं आणि लगेच दहाव्यात पौल म्हणतो, देवाने ते आत्म्याच्या द्वारे आपल्याला प्रकट केलं आहे. म्हणजे तो वधस्तंभावरच्या ख्रिस्ताविषयी, आता उघड झालेल्या गुपिताविषयी बोलतोय. वीस वर्षं मी ते वचन अर्ध्यावर तोडून वाचत होते. फार वाईट वाटलं रे.

रस्त्यांचं म्हणशील तर मुलं चित्रात सराफ्यातली दुकानंच काढतात. पण बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, योहानाच्या प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, त्या सोन्याच्या नगराचं माप दिलंय: लांबी, रुंदी, उंची सारखी, प्रत्येकी सुमारे २,२०० किलोमीटर. असं नगर कोण बांधेल? मग जुन्या करारातल्या 'पहिले राजे' या पुस्तकाचा सहावा अध्याय काढ. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान, म्हणजे देवाच्या सान्निध्याची सगळ्यात आतली खोली, वीस हात लांब, वीस रुंद, वीस उंच, आणि शुद्ध सोन्याने मढवलेलं. तिथे प्रमुख याजक वर्षातून एकदाच जायचा. आता अख्खं नगरच तसं! म्हणून तर योहान लिहितो की त्यात मंदिर दिसलं नाही. मला तरी त्या सोन्याचा हाच अर्थ लागतो. आणखी एक बघ, ते नगर स्वर्गातून खाली उतरतं. देव माणसांत राहायला येतो, त्यांचे अश्रू पुसतो. आपण मात्र सदा वर जाण्याचंच बोलतो.

आजीचं एवढंच सांगू शकते: फिलिप्पैकरांना लिहिताना पौल इथून सुटून ख्रिस्ताजवळ असण्याची इच्छा बोलून दाखवतो. ते कसं असतं, हे तो सांगत नाही, मग मीही सांगणार नाही. पुनरुत्थानाबद्दल लिहिताना तो पेरलेल्या दाण्याचा दाखला देतो. गहू पेरताना हातात नुसता दाणा असतो, रोप नसतं. आजीला आपण तसंच मातीत ठेवलं, असं मी मानते, आणि मनापासून मानते.

कुणी स्वर्गाचा नकाशाच मांडला तर भांडू नकोस. आधीचं आणि पुढचं वचन काढून वाच. पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतली, आयुष्याची शेवटची वर्षं बायबल मराठीत आणण्यात घालवली आणि १९२२ मध्ये गेल्या. आपल्याला तर नुसतं पान उलटायचंय.

इथे उपासना हिंदीत होते, पण घरी आजीचंच मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडते. त्या पानावर तिने पेन्सिलीने रेघ ओढलीय, नवव्या वचनाखाली. तिथेच थांबलीय. मी हात लावलेला नाही. नाताळला आलास की दहावं तू मोठ्याने वाच, मी ऐकेन.

तुझी,
आई