ओढ्याकाठच्या सभासदांसाठी सूचना: खत आणि औषध पाण्यात जाऊ देऊ नका

सर्व सभासदांना नमस्कार.

मिरीग नक्षत्र तोंडावर आलाय आणि उसाच्या भरणीची, म्हणजे बुडाला माती चढवायची, घाई सुरू आहे. आभाळ भरून आलं की युरिया फेकायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. पाऊस तो मुरवेल असं वाटतं, पण युरिया पाण्यात लगेच विरघळतो आणि मोठा पाऊस आला की उसाच्या सरीतून ओढ्याला, तिथून पंचगंगेला जातो. 45 किलोच्या पोत्यात 46 टक्के नत्र, म्हणजे सुमारे 21 किलो. त्यातलं वाहून जाईल ते नदीतल्या केंदाळाला, म्हणजे जलपर्णीला. पैसे मात्र आपले! शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांची मळीही नदीत येते, हे खरंच. ते भांडण वेगळं चालू राहील.

तेव्हा जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर डोस थांबवा. खत एकदम न टाकता हप्त्यांनी, मातीआड करून द्या. ओढ्याच्या कडेचं गवत तसंच राहू द्या, त्यावर तणनाशक मारू नका. वाहून येणारी माती तेच अडवतं.

फवारणीचा पंप ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नका. औषधाची बाटली तीनदा खंगाळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोक पाडा. अशा बाटल्या संस्थेच्या गोदामात ठेवलेल्या पोत्यात आणून टाका. घरात तेल भरायला तर अजिबात नकोत.

गोठ्याचं पाणी ओढ्याला सोडणाऱ्यांनी पावसाआधी ते उकिरड्याकडे वळवून घ्यावं.

— सचिव