गुरुजींच्या हिऱ्याविषयी

प्रिय नंदन,

तू गेल्यापासून मी तुला पत्र लिहिलेले नाही, आणि शनिवारी मी चालवतो त्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या, म्हणजे पात्रे वठवण्याच्या आपल्या खेळाच्या, टेबलावर जे घडले ते घडले नसते तर कदाचित आजही लिहिले नसते; पण हा प्रकार तुझ्यावाचून दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. घरी सांगून पाहिले, तर आईने काळजीने विचारले, "कोण गेली रे ती मुलगी? आपल्या ओळखीतली का?" बाकी माझी प्रकृती ठीक आहे, पाठ अधूनमधून धरते.

तर, खेळातले मानसीचे पात्र, तिची रेंजर म्हणजे रानात वावरणारी लढवय्यी, मेली. भुयारातल्या पुलापाशी घूलने, म्हणजे प्रेते खाणाऱ्या राक्षसाने, तिला लोळवले. डेथ सेव्हमध्ये, म्हणजे पात्र मरणाच्या दारात असताना टाकायच्या फाशांत, आधीचे एक अपयश होतेच, त्यात फाशावर एक पडला, आणि एक पडला की दोन अपयशे धरायची हा नियम तूच आमच्याकडून घोकून घेतला होतास. कोणी काही बोलण्याआधी शिरीषने तुझ्या गुरुजी या बुटक्या पात्राची कॅरेक्टर शीट, म्हणजे माहितीचा कागद, पुढे ओढली आणि जाहीर केले, "गुरुजी रिव्हिव्हिफाय टाकतात."

नियमाने यात काहीही गैर नव्हते. मेलेल्याला जिवंत करणारा हा मंत्र : मृत्यूनंतर एका मिनिटाच्या आत प्रेताला हात लावायचा आणि ३०० सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची घालायचा. त्या मंत्रापुढे तुझी पेन्सिलीची खूण होती, आणि सामानाच्या यादीत हिराही होता. मात्र त्याच ओळीसमोर, समासात, चहाच्या डागाला लागून तुझ्या बारीक अक्षरात लिहिले होते : "हा माझा नाही. मायराला परत द्यायचा." शिरीषने ते मोठ्याने वाचले आणि मग कागद खाली ठेवला.

तू गेल्यावर गुरुजींचे काय करायचे, यावर आम्ही सगळे उपाय करून पाहिले आहेत. आधी त्यांचे पोट बिघडवले. पण भुयाराच्या तिसऱ्या मजल्यावर माणूस किती दिवस पोट धरून मागे चालणार? नंतर मी स्वतः त्यांना चालवले. त्यात अडचण अशी की, डावीकडे जावे की उजवीकडे असे कोणी गुरुजींना विचारले की सगळे गुरुजींचे उत्तर ऐकण्याऐवजी माझा चेहरा वाचत. शेवटी शीट शिरीषकडे गेली, आणि त्याने गुरुजींची प्रथमोपचाराची पेटी करून टाकली : जखम झाली की उघडायची, एरवी बंद. त्यांच्या तोंडचे एक वाक्य मला गेल्या कित्येक सेशनांत आठवत नाही. आमच्या गुरुजींनी गप्प बसावे, यापरता विनोद नाही.

या खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्सच्या १९७९ च्या पुस्तकातली पद्धत तुला आवडायची : खेळ थांबलेला असताना बाहेरचा एक दिवस म्हणजे आतलाही एक दिवस, आणि जो आला नाही त्याचे पात्र खुशाल गावात राहील. बेन रॉबिन्सने चालवलेल्या वेस्ट मार्चेस या खेळमालिकेतही प्रत्येक सेशन गावातून निघून गावातच संपते, म्हणून त्या दिवशी जे हजर तीच पार्टी, म्हणजे साहसाला निघालेली टोळी. हे सारे उत्तम आहे. पण शिरीषला नऊच्या आत घरी पोहोचायचे असते आणि आपण नेहमी अर्ध्या भुयारातच थांबतो, त्याला मी काय करू? तुझ्याच आग्रहाने पाहिलेल्या क्रिटिकल रोल या इंटरनेटवरच्या खेळाच्या कार्यक्रमात अभिनेत्री ॲशली जॉन्सन चित्रीकरणासाठी न्यूयॉर्कला असली की तिची याशा पार्टी सोडून निघून जायची, आणि ते जाणेच त्या पात्राचा स्वभाव होऊन बसले. गुरुजींचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. ते कोणाला सोडून जात नाहीत, आणि म्हणूनच हा पेच आहे.

मानसी स्वतःच म्हणाली की हिऱ्याला हात लावू नका, ती नवे पात्र करील. शिरीषचे म्हणणे वेगळे : गुरुजी लुटीत वाटा घेतात, तू नसतानाही आपण त्यांची लेव्हल सर्वांबरोबर वाढवली (खेळ चालवणाऱ्यासाठीच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे तर गैरहजर पात्राला अनुभवगुण सहसा मिळत नाहीत), मग वेळ आल्यावर त्यांचा हिरा मात्र सोवळ्यात का? त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तरीही माझे मत असे की, गुरुजींचा हातोडा, त्यांचे मंत्र, त्यांचे हिट पॉइंट हे टेबलाचे आहेत, ते आम्ही वापरू. पण त्यांनी दिलेला शब्द तुझा आहे. तो मोडायचाच झाला, तर तो मोडताना गुरुजी काय बोलतील ते शिरीषला सुचणार नाही आणि मलाही नाही.

म्हणून मी खेळ तिथेच थांबवला. रेंजर मरून दोन राउंड झाले आहेत, म्हणजे बारा सेकंद. आठ राउंड शिल्लक आहेत. गुरुजी चाळीस फुटांवर आहेत. आपल्या २०१४ च्या नियमांत बुटक्याचा वेग राउंडला पंचवीस फूट आणि जड चिलखताने तो कमी होत नाही, हे मला मान्य आहे; त्यावरून तू रात्री एक वाजता सर्वांना पान क्रमांक पाठवला होतास, ते प्रकरण पुन्हा उकरू नकोस. धावले तर ते याच राउंडमध्ये पोहोचतील, पण मंत्राला पुढचा राउंड लागेल. मधे एक घूल अजून उभा आहे.

आता तू ठरव. शनिवारी सहाला आम्ही बसतो, म्हणजे तुमच्या डब्लिनला दुपारचे दीड. मागच्या वेळी तुला लॅपटॉपवरून खेळवले तेव्हा तुझा आवाज दोन वाक्ये मागे होता आणि तू मेलेल्या गॉब्लिनशी वाटाघाटी करत होतास, ते मी विसरलेलो नाही. तरी पाच मिनिटांसाठी ये. जमणारच नसेल, तर गुरुजी त्या क्षणी काय करतात आणि काय म्हणतात ते लिहून पाठव. मी शब्दही न बदलता वाचून दाखवीन. आणि पुढे तुला खेळणे होणारच नसेल तर तेही सरळ सांग, म्हणजे हिरा मायराकडे पोहोचवायला मी त्यांना स्वतंत्र वाटेने पाठवीन. शिरीषकडे ती शीट आता राहू देणार नाही.

नवे घर मिळाले हे काकूंकडून कळले, अभिनंदन. त्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन दिवाळीनंतर ठरले आहे, मी सोबत जाईन, तू त्याची चिंता करू नकोस. थंडीचे कपडे घे.

शुक्रवारपर्यंत उत्तर पाठव.

तुझा,
अभय

ता. क. शिरीषने सांगितले आहे की घूलला त्याच्या बाजूने चार शब्द बोलायचे आहेत. मी परवानगी दिलेली नाही.