आई-बाबा, मी नाशिकला परत येत नाहीये

ती. आई-बाबा, सा. न.

फोनवर सांगायला गेले की बाबा मध्येच फोन आईकडे देतात, आई रडते आणि मी "बरं, बघू" म्हणून ठेवून देते. म्हणून लिहितेय. मी नाशिकला परत येत नाहीये. पुण्यातल्या घराचा करार आणखी एक वर्ष वाढवलाय, जिमचे पैसेही भरलेत. सातपूरच्या नोकरीसाठी बाबांनी शब्द टाकला होता, तिथे मीच फोन करून नाही कळवलं. तुम्हाला अवघड वाटायला नको.

लगेच "जिम? या हाडांनी?" म्हणू नका. आधी हाडांच्या घनतेचा रिपोर्ट नीट समजून घ्या. तुम्ही शेजारच्या काकांना दाखवलात आणि त्यांनी थेट "म्हातारपणची हाडं" करून टाकली. माझा झेड-स्कोअर उणे 2.1 आहे. म्हणजे माझ्याच वयाच्या बायकांच्या मानाने हाडांची घनता कमी. उणे 2 च्या खाली गेलं की वयाच्या मानाने कमी म्हणतात, पण हाड साध्या कारणाने मोडलेलं नसेल तर या वयात नुसत्या या आकड्यावरून ऑस्टिओपोरोसिसचा शिक्का मारत नाहीत. व्हिटॅमिन डी मात्र 14 निघालं, 20 च्या खाली म्हणजे कमतरताच. त्यासाठी 60,000 युनिटची पुडी, आठवड्याला एक, 8 आठवडे. खुबा दुखत होता म्हणून एमआरआय केला. लहानपणी रक्ताच्या कॅन्सरसाठी घेतलेल्या स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, ती भीती होती. तसं काही नाही. स्नायूचं दुखणं आहे.

आई, तू त्या दिवशी म्हणालीस, "मीच भरवल्या गं त्या गोळ्या." असं परत म्हणायचं नाही. त्या गोळ्यांच्या दिवसांत माझा चेहरा पुरीसारखा फुगलेला, रात्री दोनला उठून मी वरणभात मागायचे आणि तू पदराने भांडं धरून स्टोव्हवर गरम करायचीस, तूप जास्त घालून. दादरच्या त्या खोलीत रॉकेलचा वास आणि तुझी "फुंकर मार, भाजेल" ही कुजबुज मला अजून आठवते. स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध, डोक्याला दिलेलं रेडिएशन, या सगळ्याचा हाडांवर परिणाम होतो. पण ते घेतलं म्हणून 1999 सालची ती सहा वर्षांची पोर आज तुमच्याशी भांडतेय.

बाबा, तुम्ही दर जूनला शाळेला अर्ज द्यायचात, "शारीरिक शिक्षणाच्या तासाला सूट मिळावी." तेव्हा सगळ्यांचं लक्ष रक्ताच्या रिपोर्टवर होतं, हाडांचा विचार कोणाच्या मनात येणार? पोर पडू नये एवढंच तुम्ही बघितलंत, आणि तुमच्या जागी मी असते तर खो-खोच काय, जिनाही उतरू दिला नसता. पण हाड भार पडला तरच भरतं. विशीच्या अखेरपर्यंत घनता वाढते, पुढे आहे ती टिकवायची. म्हणून वजनं उचलायची. फिजिओने खुबा तपासूनच परवानगी दिली आहे, सुरुवात रिकाम्या रॉडने आहे आणि शेजारी माणूस उभा असतो. नाशिकला आले असते तर आईने मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नसता, खरं की नाही?

इथे माझे हाल नाहीत. लिफ्ट आहे. बाथरूमच्या फरशा खरबरीत आहेत, मी मुद्दाम बघून घेतल्या. स्वयंपाकाच्या मावशी आठवड्यातून तीनदा नाचणीची भाकरी करतात, दूध-दही रोज असतं. बाल्कनीत ऊन येतं. रूममेटकडे तुमचा नंबर आहे, तिला तुमच्या आधी झोपायची सवय आहे एवढाच दोष.

आता माझं ऐका. बाबा, कपाटातली पिवळी फाईल काढा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून पाठवा. कुठलं औषध किती दिलं, रेडिएशन किती, ते डॉक्टरांना हवंय. मूळ कागद कुरिअर करायचे नाहीत. टाटाच्या एसीटी क्लिनिकला, म्हणजे उपचार संपलेल्या मुलांच्या त्या ओपीडीला, मी पुन्हा जायला लागणार आहे. तुम्हाला यायचंच असेल तर पंचवटी एक्स्प्रेसने दादरला या, मी पुण्याहून येते. आईला त्या गर्दीत आणू नका.

आई, तू 66 ची आहेस. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने झिजतात, तेव्हा बोन डेन्सिटी तुझीही करायची. "मला काय झालंय" चालणार नाही. थायरॉइडची गोळी सकाळी घेतेस, त्यासोबत कॅल्शियम गिळू नकोस, निदान चार तासांचं अंतर ठेव. दुपारच्या जेवणाबरोबर घे. बाबांसोबत कृषीनगरच्या ट्रॅकवर जा, पण चपला घालून नाही. मागच्या वेळी मी आणलेले बूट अजून खोक्यात आहेत, मला माहीत आहे. आणि मोरीतली ती गुळगुळीत पाटी आधी काढून टाका.

दिवाळीला येतेय, चांगली लांब सुट्टी टाकून. रागावला असाल तर तेव्हा रागवा, समोर बसवून. डिंकाचे लाडू करून ठेव, पण पिशवी स्टँडवर मीच उचलणार.

तुमची,
छकुली