बॉटमध्ये व्यवहार रोजच्या रोज नोंदवा

सर्व सभासदांना नमस्कार.

टेलिग्रामवरच्या आपल्या नोंदणी बॉटमध्ये (मेसेज पाठवला की आपोआप नोंद ठेवणारा प्रोग्राम) आठवड्याचे क्रिप्टो व्यवहार एकदम टाकू नका. भाव तासाभरात कुठल्या कुठे जातो, मागाहून आठवत नाही. सौदा झाला की सीताबर्डीच्या गर्दीत असा नाहीतर मेट्रोत, लगेच एक ओळ पाठवा:

खरेदी बीटीसी ०.००१५ १२०००

प्रकार, नाणं (बीटीसी म्हणजे बिटकॉइन), नग, शेवटी एकूण रुपये. रकमेत स्वल्पविराम नको. विक्रीचंही असंच; कापलेला १ टक्का टीडीएस वजा न करता पूर्ण रक्कम लिहा.

सगळ्यात जास्त राहून जाते ती अदलाबदल. इथर देऊन सोलाना घेतलं, रुपया हातात आला नाही, तरी आयकराच्या दृष्टीने ते इथरचं हस्तांतरणच आहे. म्हणून त्या वेळची रुपयांतली किंमत हवीच:

बदल ईटीएच ०.०५ एसओएल १ १३०००

१ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर उपकर. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. त्यामुळे प्रत्येक सौद्याची तारीख आणि खरेदी किंमत वेगळी लागते.

आणि हे कळकळीने सांगतोय: ओटीपी, पासवर्ड किंवा वॉलेटचे गुप्त शब्द बॉटला कधीही पाठवू नका. आपला बॉट ते मागत नाही. मागणारा बनावट समजा आणि लगेच ग्रुपवर कळवा.

ज्या काका-काकूंना टाइप करणं जड जातं, त्यांनी रविवारी धरमपेठेतल्या बैठकीला फोन घेऊन यावं. सोबत बसून नोंदी करू.