बेरीज जुळवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

"नाव-बिव लिहू नकोस, स्कोअररचं नाव कोण विचारतं" असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. इंदूरच्या मैदानांवर सकाळी फिरणारे तसेही ओळखतील. पांढरी टोपी, कापडी पिशवीत तीन पेन्सिली, खुर्चीवर टाकायची चपटी उशी आणि डब्यात पोहे, वर हात सैल सोडून टाकलेला जिरावन मसाला.

पत्र चार लोकांत लिहितेय, कारण तोंडावर आभार मानले की तुम्ही "अरे छोड़ो यार" म्हणता आणि पुढच्या ओव्हरकडे वळता.

मे महिन्यात थोरल्याचं क्रिकेट शिबिर होतं, सकाळी सहाला. घरी कोणी नाही, म्हणून दहा वर्षांच्या धाकटीलाही फरपटत नेत होते. ती कडुलिंबाखाली तुमच्या टेबलाशेजारी पाय हलवत बसायची. तुम्हाला त्रास नको म्हणून मी दोनदा तिला उठवलंसुद्धा. "बसू द्या ताई, बोलत तर नाही ना," एवढंच तुम्ही म्हणालात.

तिच्याबद्दल तेव्हा माझं मत काही फार बरं नव्हतं. आता लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. पालकसभेत ऐकून आले होते, लक्ष नसतं, वहीच्या समासात टिंबं काढत बसते. घरी येऊन मी ती टिंबं खोडरबरानं पुसायला लावली होती. त्याआधी अबॅकस झालं, तीन आठवड्यांत सुटलं. कीबोर्ड झाला, तो आता कपाटावर आहे, त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. मुलांच्या अंगात काय दडलंय हे शोधायला आपण फी भरतो आणि पावती मिळाली की शोध लागल्यासारखे निर्धास्त होतो.

मग ती शनिवारची मॅच. खेळ संपला, पोरं पाण्याच्या टाकीकडे पळाली आणि तुम्ही वहीवर वाकून बसलात. फलंदाजांच्या धावा आणि एक्स्ट्रा, म्हणजे बॅटवाचून मिळालेल्या धावा, मिळून १४७. गोलंदाजांनी दिलेल्या धावा, त्यात बाय नि लेग बाय (बॅटला न लागता निसटलेल्या किंवा पायाला लागून गेलेल्या बॉलवरच्या, गोलंदाजाच्या नावावर न लागणाऱ्या धावा) धरून १४६. दोन्हीकडून बेरीज एकच यायला हवी, नाहीतर वही बंद होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. समोरच्या संघाचा स्कोअरर म्हणाला, "भिया, एक रन से क्या होता है, ठोक दो कहीं भी." तुम्ही ठोकला नाहीत. पुन्हा पहिल्या ओव्हरपासून बोट फिरवायला लागलात.

तेव्हा आमची ही बोलली. "तो उंच दादा बोलिंग करत होता ना, त्याच्या दुसऱ्या ओव्हरचा चौथा बॉल. पायाला लागून गेला होता. अंपायरकाकांनी पाय वर करून गुडघ्याला हात लावला. तुम्ही बॅटिंगवाल्या दादासमोर एक लिहिला."

मी "गप गं" म्हणणार तेवढ्यात तुम्ही हात वर केलात. पान उलटलंत. गोलंदाजाच्या रकान्यात लेग बायचा उलटा त्रिकोण बरोबर होता, पण तोच एक रन फलंदाजाच्या नावावर चढला होता आणि एक्स्ट्रात आलाच नव्हता. तुम्ही एक खोडून खाली लिहिलात. १४७, १४७.

तुम्ही तिला हुशार म्हणाला नाहीत, पाठ थोपटली नाहीत. पिशवीतली एक पेन्सिल तिच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "उद्या येताना शार्पनर आण." त्या वाक्यासाठी हे पत्र आहे खरं तर.

निघताना मला बाजूला घेऊन विचारलंत, "कंटाळली की ही काय करते?" मला उत्तर देता आलं नाही. कंटाळली की मी तिला काहीतरी कामाला लावते, मग ती काय करते ते दिसणार कुठून? त्या रात्री मी तिला पहिल्यांदा विचारलं, ती टिंबं कसली होती गं? ती घाबरली, मग हळूच म्हणाली, "मॅडम एका तासात किती वेळा 'समजलं?' म्हणतात, ते." एका तासात एकेचाळीस. दर पाचव्या टिंबानंतर आडवी रेघ, म्हणजे मोजायला सोपं. मी तोंडावर पदर धरून हसले काका, आणि मग बराच वेळ झोप लागली नाही, कारण ती एकेचाळीस टिंबं मी पुसायला लावली होती.

त्यानंतरचे रविवार तुम्हाला माहीतच आहेत. रिकाम्या ओव्हरची सहा टिंबं जोडून मेडनचा एम कसा काढायचा, त्याच ओव्हरीत विकेट पडली की त्याचा डब्ल्यू कसा होतो. अंपायरनं खूण केली की हात वर करून पोच द्यायचीच, तोवर त्यानं थांबायचं असतं. ती हात वर करते आणि एवढा मोठा माणूस तिच्यासाठी मैदानात थांबलेला असतो, ते बघायला मी हल्ली मुद्दाम चहा सोडून येते.

गोष्टी तर तुमच्या तुम्हीच सांगाव्यात. १९४६ साली रणजीच्या उपांत्य सामन्यात होळकर संघानं इथेच म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या, एका डावात सहा शतकं, त्यात कर्नल सी. के. नायडूंचं एक, हे इंदूरात शेंबडं पोरही सांगतं. तुम्ही तिला विचारलंत, "आणि ते नऊशे बारा लिहिले कोणी? एकेक करून?" त्याच डावातले भाऊसाहेब निंबाळकर पुढे महाराष्ट्राकडून पुण्यात ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी, आणि काठियावाडच्या संघानं सामनाच सोडून दिला. थोरला हळहळला. धाकटी म्हणाली, "मग वहीत पुढे काय लिहिलं?" तुम्ही चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिलात.

आता माझं. गणपतीत तुम्ही घरी आलात, तेव्हा सासूबाई विचारत होत्या, थोरल्याच्या मुंजीत देवासच्या मावशींनी काय दिलं होतं गं? मी मोदक वळता वळता म्हणाले, स्टीलची कळशी आणि पाकिटात २५१, पाकिटावर नाव मात्र मावशींच्या यजमानांचं होतं. घरात या सवयीची थट्टाच होते. कोण कधी आलं, काय नेसलं होतं, काय बोललं, सगळं माझ्या डोक्यात राहतं, म्हणून नणंदा मला 'सीआयडी' म्हणतात. तुम्ही हातातला मोदक ताटात ठेवलात. "आहेराची वही कोण लिहितं?"

वही आणली. दोन लग्नं, दोन मुंजी, एक बारसं. तुम्ही ती स्कोअरबुकासारखी वाचलीत, बोट ओळीवरून सरकवत. ज्यांचा आहेर अजून फेडायचाय त्यांच्या नावापुढे समासात मी खूण करते. कसली खूण, ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. तुम्ही धाकटीला हाक मारलीत आणि समास दाखवलात. टिंबं.

ती माझ्याकडे बघून अशी हसली की विचारू नका.

या वर्षी कॉलनीच्या गणपतीचा हिशेब मी घेतला. आजवर तीन पुरुष मिळून करायचे आणि विसर्जनानंतर भांडायचे. मला मजा आली काका. संध्याकाळी पावत्या पसरून बसायचं आणि जमा-खर्च जुळला की एकटीनंच मान डोलवायची. नणंदा अजून सीआयडीच म्हणतात, पण परवा एकीनं स्वतःच्या मुलीच्या लग्नाची वही माझ्याकडे सोपवली.

गणितात धाकटीला अजून साठाच्या आसपासच पडतात. शाब्दिक उदाहरणं आली की तिचा चेहरा उतरतो आणि माझाही. ते तुमच्या खात्यातलं नाही. समास मात्र मी आता तपासत नाही.

तुमची,
शिबिरातल्या डावखुऱ्याची आणि तुमच्या असिस्टंटची आई

ता. क. तुमची छोटी पट्टी मागच्या रविवारी आमच्याकडे आली आहे. हिनं ती कंपासात टाकून वर तारीख लिहिली आहे. परत करेपर्यंत समोर टिंब राहील.