पोरं झोपलेली नसतात

संपादक महोदय,

मी घरी ट्यूशन घेते. तिसरीतला एक मुलगा येतो, बाहेर कुणी दार जरा जोरात आपटलं की त्याची पेन्सिल थांबते आणि तो आधी माझ्या तोंडाकडं बघतो. बाबा आईला मारतात तेव्हा मी बहिणीचे कान दाबून धरतो, हे त्यानं पाढे लिहिता लिहिता सांगितलं. आणि आपण म्हणतो, पोरांना काय कळतंय, झोपलीयत ती! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार शेजारीसुद्धा त्यासाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, चांगल्या हेतूनं कळवलं तर त्याच्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही, मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहेच, मग भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत असताना आपण टीव्हीचा आवाज का वाढवतो?

– एक शिकवणीच्या बाई, सांगली